उमेदवाराला मर्यादा, पक्षाला मोकळीक: निवडणूक खर्चाच्या कायद्यामागचा इतिहास

लोकसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ९५ लाख आणि गोव्यात ७५ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. विधानसभेसाठी हेच आकडे ४० लाख आणि २८ लाख आहेत. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. ही तफावत नजरचुकीने राहून गेलेली नाही, ती ऑक्टोबर १९७४ मध्ये जाणूनबुजून कायद्यात घातली गेली.

त्यामागचे प्रकरण दिल्लीतल्या 'सदर' नावाच्या मतदारसंघाचे, १९७१च्या निवडणुकीचे. पराभूत उमेदवाराची तक्रार अशी की, विजयी उमेदवाराच्या जाहीर सभांसाठी व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, दिवे, खुर्च्या यांवर झालेला खर्च हिशेबात पूर्ण आलाच नाही. हा खर्च पक्षाचा की उमेदवाराचा, एवढाच प्रश्न होता. ३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे स्वच्छ उत्तर दिले. पक्षाचा सर्वसाधारण प्रचार वेगळा. पण ठरावीक उमेदवाराला निवडून आणण्यासाठी केलेला खर्च ओळखता येत असेल आणि उमेदवाराने तो डोळ्यांदेखत होऊ दिला असेल, त्याचा फायदा घेतला असेल, तर त्याला त्याची मूक संमती होती असे धरायचे. तसे धरले नाही तर मर्यादेला अर्थच उरत नाही. पैशाने मते वाढतात, आणि ज्या पक्षाकडे पैसा जास्त त्याच्यापुढे अपक्ष किंवा लहान पक्षाच्या उमेदवाराचे काही चालत नाही, हे न्यायालयाने तेव्हाच सांगितले होते. माझ्या मते आपल्याकडे या विषयावर आलेला हा सर्वांत सरळ आणि प्रामाणिक निकाल आहे.

तो सोळा दिवस टिकला. १९ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ला, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाच्या कलमाला, एक स्पष्टीकरण जोडले गेले: पक्षाने, संघटनेने किंवा अन्य कुणा व्यक्तीने केलेला खर्च उमेदवाराने केला असे मानले जाणार नाही. वर्षअखेर संसदेने त्याचा कायदा केला. न्यायालयांनी आधीच निकाली काढलेल्या खटल्यांना तेवढे त्यातून वगळले होते. बाकी सगळ्यांना पूर्वलक्षी संरक्षण मिळाले. मर्यादा कागदावर कायम राहिली, पण तिच्यातला जीव गेला. पुढे १९८५ मध्ये या स्पष्टीकरणाला आव्हान दिले गेले, तेव्हा त्यावरची टीका गैर नाही असे म्हणूनही न्यायालयाने ते वैध ठरवले.

अमेरिकेत याच सुमारास, जानेवारी १९७६ मध्ये, प्रचारावरचा खर्च म्हणजे अभिव्यक्तीच, असे म्हणून तिथल्या न्यायालयाने खर्चाच्या मर्यादा रद्द केल्या, देणग्यांच्या मर्यादा तेवढ्या राखल्या. त्या भूमिकेशी सहमत व्हा किंवा होऊ नका, तिच्यामागे निदान एक तत्त्व होते. आपला वटहुकूम कुणाच्याही भाषणस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी आलेला नव्हता. उलट १९२० पासून दंडविधानात असलेले कलम जसेच्या तसे राहिले: उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय सामान्य नागरिकाने त्याच्यासाठी पत्रक छापले किंवा सभा घेतली तर तो गुन्हा, दंड ५०० रुपयांपर्यंत. पक्षाला मोकळे रान आणि नागरिकाला बंदी, अशी ही व्यवस्था.

२००३ मध्ये स्पष्टीकरण आवळले गेले. आता सूट उरली ती स्टार प्रचारकांच्या प्रवासखर्चाला: मान्यताप्राप्त पक्षाला ४० नावे, इतरांना २०. त्यामुळे मोठ्या नेत्याच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला की मांडवाचा खर्च त्याच्या खात्यात येतो. निवडणूक आयोगाची पथके सभेचे चित्रीकरण करून खुर्च्या मोजतात, जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे किंमत लावतात, आणि पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या पानांच्या खर्चवहीशी ती ताडून पाहतात. उमेदवाराचे नाव न घेता केलेल्या पक्षाच्या जाहिराती या जाळ्याबाहेरच राहतात.

भाषणस्वातंत्र्य आपल्या वादात शिरले ते ऐकणाऱ्याच्या बाजूने. उमेदवाराची मालमत्ता आणि त्याच्यावरचे खटले जाणून घेणे हा मतदाराचा राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ)खालचा, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या कलमाखालचा, हक्क आहे, असे २००२ मध्ये ठरले. निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात हाच धागा कामी आला.

कंपन्यांच्या देणग्यांचा धोका मुंबई उच्च न्यायालयाने १९५७ मध्येच दाखवला होता. एका पोलाद कंपनीला पक्षनिधी देण्याची मुभा देतानाच, यातून पुढे लोकशाहीचाच गळा घोटला जाईल, ही भीती त्या निकालात व्यक्त झाली होती. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. २०१३ मध्ये सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठरली. २०१७ मध्ये तीही गेली आणि २०१८ पासून देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे आले. देणगीदाराची गोपनीयता हा सरकारचा युक्तिवाद होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने योजना रद्द केली: राजकीय मताची गोपनीयता मान्य, पण धोरणे वळवू शकणाऱ्या पैशाचा स्रोत मतदाराला कळलाच पाहिजे.

त्याच वर्षी जुलैत जुन्या दंडविधानाच्या जागी नवी न्याय संहिता आली. तिच्यात विनापरवाना प्रचार करणाऱ्या नागरिकाचा दंड ५०० वरून १०,००० रुपयांपर्यंत गेला. पक्षांनी लोकसभा निवडणुकीनंतर ९० दिवसांत आपला खर्च आयोगाला कळवायचा असतो. तो किती असावा, यावर कायदा अजूनही काही म्हणत नाही.