बेस स्टेशन (उपग्रहाधारित भूमापन)

बेस स्टेशन किंवा संदर्भ स्थानक म्हणजे मोजणी चालू असेपर्यंत एकाच बिंदूवर स्थिर ठेवलेला उपग्रह-रिसीव्हर आणि त्याची अँटेना. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू या प्रणालींवरून एकट्या रिसीव्हरने काढलेले स्थान काही मीटरने चुकते. उपग्रहांची घड्याळे व कक्षा यांतील त्रुटी आणि आयनांबर व तपांबर ओलांडताना संदेशाला होणारा विलंब ही त्याची मुख्य कारणे. जवळच्या दोन ठिकाणी या चुका जवळपास सारख्याच असतात, म्हणून बेस आणि रोव्हर (फिरता रिसीव्हर) यांची एकाच क्षणाची निरीक्षणे ताडली की त्या बहुतांशी वजा होतात. वाहक लहरीची (संदेश वाहून आणणाऱ्या रेडिओ लहरीची) कलाही, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात नेमकी कुठे आहे तेही, मोजली, तर रोव्हरचे स्थान १ ते २ सेंमी.पर्यंत अचूक मिळते. कारण जीपीएसच्या एल-१ या वाहक लहरीची लांबी सुमारे १९ सेंमी. असते आणि कलेवरून तिचा लहानसा अंशही मोजता येतो. बेसपासून दूर जावे तशी अचूकता घटते.

बेसची स्वतःची चूक मात्र कुठेच वजा होत नाही. ती प्रत्येक मोजलेल्या बिंदूत उतरते. मांडणीतली सारी काळजी यासाठीच.

जागा अशी हवी, की क्षितिजापासून १० ते १५ अंशांच्या वर आकाश मोकळे असेल. भिंती, पत्र्याची छपरे, उभी वाहने आणि पाणी यांवरून परावर्तित झालेले संदेश अँटेनात शिरले, तर बहुपथी त्रुटी येते. ती त्या जागेपुरतीच असल्याने रोव्हरशी ताडून जात नाही.

ट्रायपॉडचे पाय घट्ट रोवून ट्रायब्रॅक (ट्रायपॉडवरची, अँटेना बसवायची स्क्रूंची बैठक) समपातळीत आणतात आणि प्रकाशीय ओळंब्याने (खालची खूण दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीने) अँटेनाचे केंद्र जमिनीवरील खुणेच्या नेमके वर घेतात. मग अँटेनाची उंची. सर्वाधिक जपावे ते इथेच. उंची उभी मोजली की तिरकी, आणि अँटेनाच्या तळापर्यंत की कडेवरील खुणेपर्यंत, हे वहीत लिहायलाच हवे. रिसीव्हरमध्ये अँटेनाचा प्रकार चुकीचा निवडला, तरी उंचीत काही सेंटिमीटरचा फरक पडू शकतो. उंची कामाच्या आधी व नंतर, दोन्ही वेळा मोजावी.

बिंदूचे निर्देशांक आधीच ठाऊक असतील, तर ते भरायचे. ते कोणत्या डेटमचे (निर्देशांक ज्यावरून मोजतात त्या संदर्भ-चौकटीचे) आहेत हे मात्र पाहावे. ठाऊक नसतील, तर रिसीव्हरने स्वतः काढलेले स्थान तात्पुरते घेता येते. मग बिंदूंमधली परस्पर अंतरे बरोबर येतात, पण सगळा नकाशा काही मीटर सरकलेला असतो. बेसवर काही तासांची कच्ची निरीक्षणे नोंदवून ठेवली, तर कायमस्वरूपी स्थानकांच्या आधारे खरे स्थान काढून नकाशा जागेवर आणता येतो. ही नोंदणी प्रत्येक कामात चालू ठेवावी. मिळणारी उंची लंबवर्तुळाभावरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. समुद्रसपाटीच्या उंचीसाठी भूआभाचे (सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठाचे) प्रतिमान लागते.

बेसची माहिती बहुधा आरटीसीएम या प्रमाणित स्वरूपात, रेडिओने किंवा एनट्रिप या इंटरनेटवरून माहिती पाठवण्याच्या पद्धतीने रोव्हरला जाते. रेडिओची अँटेना जितकी उंच, तितका पल्ला जास्त.

रोव्हरच्या पडद्यावर ‘फिक्स’ दिसले, याचा अर्थ बेसपासूनचे अंतर व दिशा निश्चित झाली एवढाच. बेसचा निर्देशांक चुकीचा असला, तरी ‘फिक्स’ दिसतेच. म्हणून सुरुवातीला रोव्हर दुसऱ्या ज्ञात बिंदूवर धरून फरक तपासतात. काम संपताना तीच तपासणी पुन्हा करावी, कारण दिवसभरात ट्रायपॉडचा पाय खचलेला असू शकतो.