गोळीचे नाक चपटे का? लिव्हर-ॲक्शन रायफल आणि शिशाचा साचा

अमेरिकेत लिव्हर-ॲक्शन रायफल बाळगणारे अनेक लोक आपल्या गोळ्या घरीच ओततात. शिसे वितळवायचे, धातूच्या दोन ठोकळ्यांच्या साच्यात सोडायचे, थंड झाले की साचा उघडायचा. कृती एवढीच. खरा विचार करावा लागतो तो साचा विकत घेताना. बाजारात शेकडो साचे आहेत आणि वजन बघून एखादा उचलला तर तो बहुधा चुकतो. साच्याच्या पोटातली प्रत्येक रेषा रायफलीच्या कुठल्या तरी भागाने ठरवलेली असते. म्हणून आधी रायफल समजून घ्यावी लागते.

सुरुवात नाकापासून करू. १८६० साली बेंजामिन टायलर हेन्री यांनी पेटंट घेतलेल्या रायफलीत नळीच्या खाली काडतुसे साठवणारी आणखी एक नळी, म्हणजे मॅगझिन, होती. तिच्यात सोळा काडतुसे एकामागे एक आडवी राहत. खालची तरफ, म्हणजेच लिव्हर, पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. हीच रचना पुढे विंचेस्टरच्या १८६६ आणि १८७३च्या रायफलींत आली. या नळीत प्रत्येक गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेले असते. हेन्रीच्या काडतुसात ठिणगी पाडणारे रसायन बुडाच्या कडेत भरलेले असे, त्यामुळे मध्यावर नाक टेकले तरी बिघडत नव्हते. १८७३च्या रायफलीबरोबर आलेल्या काडतुसात मात्र प्रायमर, म्हणजे ते रसायन भरलेली छोटी वाटी, बुडाच्या बरोबर मध्यभागी बसला. आता विचार करा. गोळी सुटली की रायफल झटक्याने मागे येते, नळीतली काडतुसे जडत्वामुळे एकमेकांवर आदळतात. नाक टोकदार असेल तर ते पुढच्या प्रायमरवर फायरिंग पिनसारखेच, म्हणजे प्रायमरवर आपटून काडतूस पेटवणाऱ्या खिळीसारखेच, काम करेल आणि हातातली नळी फुटेल.

म्हणून नाक चपटे हवे. ओतकाम करणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक असा, की नाकाच्या सपाट भागाचा व्यास गोळीच्या व्यासाच्या सुमारे दोन तृतीयांश असावा. सपाट पृष्ठभाग प्रायमरपेक्षा रुंद पडला की धक्का कडेवर वाटला जातो. १८९८ नंतर फ्रान्स आणि जर्मनीने लष्करासाठी टोकदार गोळ्या स्वीकारल्या, हवेचा विरोध कमी झाला, पल्ला वाढला. नळीच्या मॅगझिनची रायफल त्या वाटेने जाऊ शकली नाही. अपवाद विंचेस्टरच्या १८९५च्या मॉडेलाचा: त्यात पेटीचे मॅगझिन होते, म्हणून टोकदार गोळीही चालत असे. चपट्या नाकाची गोळी वेग लवकर गमावते हे खरे, पण झाडीतल्या शंभर-दीडशे मीटरच्या अंतरावर त्याने फारसे अडत नाही.

नाकाइतकीच महत्त्वाची आणि नवख्यांच्या नजरेतून हमखास निसटणारी गोष्ट म्हणजे गोळीच्या अंगावरची दाबखाच. काडतुसाच्या पितळी नळकांड्याचे तोंड या खाचेत आत वळवून घट्ट करतात. मॅगझिनमधली स्प्रिंग काडतुसांना सतत मागे रेटत असते, त्यात धक्क्याची भर. खाच नसेल तर गोळी हळूहळू नळकांड्यात आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. खाच आहे एवढेही पुरत नाही, ती योग्य उंचीवर हवी. थर्टी-थर्टी या सर्वपरिचित काडतुसाची कमाल लांबी २.५५० इंच, म्हणजे सुमारे ६४.८ मिमी. खाच चार रेघा खाली पडली की काडतूस याहून लांब होते आणि तरफ ओढताना आतल्या यंत्रणेत अडकते.

आता व्यास. माझ्या मते साचा निवडण्यातला हा सर्वांत कळीचा भाग आहे, आणि सर्वांत जास्त निराशाही इथेच पदरी पडते. रायफलीच्या नळीत आतून पिळदार आटे कापलेले असतात. खाचांच्या तळापर्यंत मोजलेला व्यास थर्टी-थर्टीत कागदोपत्री ०.३०८ इंच असतो. प्रत्यक्षात नळी नळीत फरक पडतो. त्यासाठी मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीतून हलकेच ठोकत पलीकडे काढतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. ओतलेली गोळी त्या मापापेक्षा एक-दोन सहस्रांश इंचाने, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमीने जाड हवी. बारीक राहिली तर मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे घुसतो, शिशाची कड वितळवत जातो आणि नळीला आतून शिशाचा लेप बसतो. दोन-चार पेट्यांनंतर नेम कुठल्या कुठे जातो. १९५०च्या दशकात मार्लिन कंपनीने ३३६ या मॉडेलमध्ये उथळ पण संख्येने जास्त आटे द्यायला सुरुवात केली. या नळ्यांतून ओतलेली गोळी चालतच नाही असा समज पसरला. चालते, फक्त ती किंचित जाड लागते. उथळ आट्यांना धरायला शिसे कमी मिळते, तेव्हा मापातली सूट इथे खपत नाही.

पण साच्यावर छापलेले माप म्हणजे गोळीचे माप नव्हे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला गोठते आणि गोठताना त्याचे आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. नंतर थंड होतानाही ते आकसत राहते. म्हणून साच्याच्या वरच्या पत्रीवर, भोकाच्या तोंडाशी, थोडे जास्तीचे शिसे ठेवतात. आतले शिसे आकसले की ते वरून ओढून घेतले जाते आणि शेवटी पत्री सरकवून वरचा गोळा कापतात. यात अँटिमनी मिसळला तर चित्र बदलते, कारण अँटिमनी गोठताना आकसत नाही, उलट किंचित फुगतो. त्यामुळे एकाच साच्यातून अँटिमनीयुक्त मिश्रधातूची गोळी शुद्ध शिशाच्या गोळीपेक्षा थोडी जाड निघते, आणि वजनाला हलकी, कारण अँटिमनीची घनता शिशाच्या जवळपास साठ टक्केच आहे.

हाच गुण छापखान्यांनी शतकानुशतके वापरला. आपल्याकडे जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या देवनागरी खिळ्यांची ख्याती होती. ते खिळे ज्या जातीच्या धातूत पडत तो शिसे, अँटिमनी आणि कथिलाचाच मिश्रधातू. अक्षराची वेलांटी साच्याच्या कोपऱ्यापर्यंत धारदार भरली जावी म्हणून अँटिमनी, आणि रस नीट पसरावा म्हणून कथील. छपाईसाठी अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. ऑफसेट छपाई आल्यावर अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी भंगारात काढलेला हा धातू गोळ्या ओतणाऱ्यांनी आनंदाने उचलला. ब्रिनेल मापनात शुद्ध शिशाचा कठीणपणा ५, लायनोटाइपचा सुमारे २२. मधला पर्याय म्हणजे ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी, कठीणपणा सुमारे १५. साचे बनवणारी लायमन कंपनी आपल्या साच्यांची मापे याच मिश्रणाच्या हिशेबाने देत आली आहे. तेव्हा साचा घेण्यापूर्वी आपल्याकडे धातू कोणता आहे हे सांगता आले पाहिजे. कठीण तितके चांगले, हेही खरे नाही. फार कठीण गोळी दाबाखाली फुलत नाही, नळी बंद करत नाही, आणि वायू पुन्हा कडेने निसटतो.

आता बूड. डॉ. फ्रँकलिन मान या अमेरिकी संशोधकाने गोळ्या मुद्दाम खराब करून झाडण्याचे जे प्रयोग केले ते १९०९ साली प्रसिद्ध झाले. नाकावर खोट असलेल्या गोळ्या निशाणाच्या बऱ्यापैकी जवळ गेल्या, बुडाची कड दुखावलेल्या मात्र भरकटल्या. कारण सरळ आहे. नळीचे तोंड सोडताना सर्वांत शेवटी बूड सुटते, आणि त्याच्या एका बाजूने वायू आधी निसटला तर गोळीला तिरका धक्का बसतो. म्हणूनच वेगवान काडतुसांसाठीच्या साच्यात बुडाला एक पायरी असते, तिच्यावर तांब्याची छोटी टोपी बसवतात. तिला गॅस चेक म्हणतात. ही टोपी असली की थर्टी-थर्टीतून ओतलेली गोळी सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने नीट झाडता येते. टोपी नसेल तर चारशेच्या आसपास थांबलेले बरे. न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांनी १८८४ साली सुरू केलेल्या आयडियल कंपनीचा ३११४१ क्रमांकाचा साचा या काडतुसासाठी आजही आदर्श मानला जातो. चपटे नाक, योग्य उंचीवर दाबखाच, बुडाला टोपीची पायरी आणि वजन १७० ग्रेनच्या जरासे वर, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. १९२५ साली आयडियल लायमनकडे गेली, साचा टिकून राहिला.

वजनाचा प्रश्न आट्यांच्या पिळाशी जोडलेला आहे. भोवरा पुरेसा फिरला तरच उभा राहतो, तसेच गोळीचे. गोळी जितकी लांब तितका वेगाने फिरवावी लागते. इंग्लंडमध्ये जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, आणि एका फेऱ्याला जितके इंच लागतात त्या आकड्याने भागा. उत्तर म्हणजे स्थिर राहू शकणारी कमाल लांबी. मार्लिनच्या जुन्या १८९४ मॉडेलात फोर्टीफोर मॅग्नम काडतुसासाठी ३८ इंचांत एक फेरा एवढा मंद पिळ होता. गोळीचा व्यास ०.४२९ इंच. हिशेब केला तर लांबी येते ०.७३ इंच, साधारण साडेअठरा मिमी. २४० ग्रेनची चपट्या नाकाची गोळी यात बसते. ३०० ग्रेनची लांब पडते आणि निशाणाच्या कागदावर आडवी भोके पाडू लागते. हाच पिळ २० इंचांचा असता तर लांबीची मर्यादा जवळपास दुप्पट झाली असती. जड गोळीचा मोह अनेकांना होतो, तो या एका भागाकारावर तपासून घ्यावा.

साच्याच्या धातूबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही. ॲल्युमिनियम लवकर तापते, हलके असते, स्वस्त पडते, पण मऊ असल्याने जपून वापरावे लागते. लोखंड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, गंज मात्र धरते. पितळ जड, उष्णता धरून ठेवणारे आणि महाग. पहिल्यांदा घेणाऱ्याने दोन घरांचा, म्हणजे एका वेळी दोन गोळ्या देणारा, ॲल्युमिनियमचा साचा घ्यावा असे मला वाटते.

शिशाचा धोका मात्र दोन ओळींत उरकता येत नाही. ओतकामाच्या तापमानाला, साधारण ३७० ते ४०० अंशांना, शिशाची वाफ अगदी थोडी होते. खरा धोका वर जमणाऱ्या राखेसारख्या मळीचा आणि हाताला लागलेल्या धुळीचा. ती हातावरून तोंडात जाते, कपड्यांवरून घरात येते, आणि घरातल्या मुलांच्या वाढत्या मेंदूला सर्वांत आधी बाधते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. मोकळी हवा, वेगळे कपडे, लगेच धुतलेले हात, आणि भट्टीजवळ पाण्याचा थेंबही नाही, कारण वितळलेल्या शिशाखाली गेलेले पाणी क्षणात वाफ होऊन सगळा रस अंगावर उडवते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवताच येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

शिसे माणसापुरते थांबत नाही. कॅलिफोर्निया काँडॉर हा प्रचंड गिधाडवर्गीय पक्षी १९८२ साली अवघा २२ उरला होता. पिंजऱ्यात वाढवून त्यांना पुन्हा रानात सोडले, तरी शिकारीच्या अवशेषांतले शिशाचे कण खाऊन ते मरत राहिले. अखेर १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. तांब्याची गोळी हा तिथला पर्याय, पण तांबे १०८५ अंशांना वितळते, ते घरच्या भट्टीत आणि ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतता येत नाही. म्हणून तिथे घरी ओतलेल्या गोळीला नेमबाजीचे मैदान तेवढे उरले आहे. मैदानावर वेगाची गरज नसते. १७० ग्रेनच्या टोपीवाल्या साच्याऐवजी तिथल्या माणसाने सपाट बुडाचा, हलक्या गोळीचा साचा घ्यावा. शिसे कमी लागते आणि तांब्याच्या टोपीचा खर्चही वाचतो. नाक मात्र त्याही साच्यात चपटेच हवे.