भिंतीवरचा ‘कोडु’ आणि तान्ह्याचा कान

सांगलीच्या जत तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या भागातल्या एका समाजमंदिराची भिंत पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी मिळून रंगवली, त्याचे फोटो परवा व्हॉट्सॲपवर फिरत होते. बैल, जातं, विहीर आणि शेजारी मराठी, कन्नड, कैकाडी, वडारी शब्द. खाली एका शहाण्याचा शेरा: ‘घरात दोन दोन भाषा बोलल्या की पोरं गोंधळतात.’ साफ चूक. अशी पोरं शब्दांची सरमिसळ करतात खरी, पण कुणाशी कुठली भाषा बोलायची हे त्यांना फार लवकर उमगतं.

माझी नजर अडकली ती देवनागरीतल्या ‘कोडु’वर. कन्नडमध्ये यातला ओ आखूड काढला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. कन्नड लिपीत दोन्हींना वेगळी चिन्हं आहेत. मराठीत ओच्या लांबीने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या बाराखडीत ती सोय नाही आणि आपल्या कानालाही तो फरक चटकन लागत नाही.

हा कान घडतो कधी? कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ते दाखवलं, तेही आपल्याच ‘त’ आणि ‘ट’वर. बाळ आईच्या मांडीवर, स्पीकरवरून त, त, त, मध्येच ट. बदल ओळखून बाळाने मान वळवली की पेटीतलं खेळणं उजळून हलायचं. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं मान वळवत. दहा ते बारा महिन्यांची क्वचितच. हिंदी घरातली त्या वयातही वळवत होती.

‘त’ला जीभ दातांना टेकते, ‘ट’ला तिचं टोक वळून टाळूला लागतं. तोंडाची पोकळी बदलली की तिच्यात घुमणाऱ्या कंपनसंख्या बदलतात. ‘ट’मध्ये तिसरी ठळक कंपनसंख्या खाली येते, तीही सेकंदाच्या काही शतांशांपुरती. कोणता आवाज किती वेळा येतो याची नोंद बाळाचा मेंदू ठेवत असतो. त्या नोंदींचा आलेख काढला आणि त्यात दोन उंचवटे आले तर मेंदू दोन वेगळे ध्वनी धरतो, एकच पसरट आला तर एकच. म्हणजे कान बहिरा होत नाही, मेंदू तो फरक मोजणं सोडून देतो. मोठेपणी तो पुन्हा शिकता येतो, पण घाम गाळून.

मग मोबाइलवर गाणी लावून द्यावीत का? संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना पंचवीस पंचवीस मिनिटांच्या बारा बैठकांत मँडरिन, म्हणजे चिनी भाषा ऐकवली. समोर जिवंत माणूस होतं ती बाळं शिकली. तेच व्हिडिओवर पाहणारी नाही शिकली. गर्भसंस्काराच्या सीडी विकणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

कैकाडी-वडारीचं दुखणं इथेच आहे. २०११च्या जनगणनेने कैकाडी तमिळखाली टाकली, वडारी तेलुगूखाली. शाळेत हिणवलं जातं म्हणून आईबाप घरातही मराठीच बोलतात आणि बोली येते ती फक्त आजीला. घटनेचं कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय द्यायला सांगतं, पण प्राथमिक टप्प्यावर. म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षी. भिंत रंगवणाऱ्या मंडळींनी पुढच्या खेपेला रंगाचे दोन डबे कमी घ्यावेत आणि त्या पैशात आज्यांना रोज तासभर मानधनावर बसवावं, अंगणवाडीतल्या पोरांसमोर नव्हे, तर त्याहून धाकट्या, अजून रांगणाऱ्यांसमोर.