गोव्यातील प्रश्नपरंपरा

कोणी, कोणाला आणि कोणत्या रूपात प्रश्न विचारायचा, याचे दंडक समाजागणिक वेगळे असतात. गोव्यात देवळातला प्रसाद, सोळाव्या शतकातला एक संवादग्रंथ, १९६७ चा जनमत कौल आणि माहिती अधिकाराचा अर्ज ही त्याची ठळक उदाहरणे. प्रश्नाची मांडणीच पुष्कळदा उत्तराची मजल ठरवते, हे या सर्वांत दिसते.

कौलप्रसाद : गोव्याच्या अनेक देवळांत महत्त्वाच्या निर्णयाआधी देवाचा प्रसाद घेतात. मूर्तीवर किंवा लिंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या वा कळ्या चिकटवतात. काही देवस्थानांत झाडाची पाने वापरतात. पुजारी भाविकाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार, असा सर्वसाधारण संकेत. तपशील देवस्थानागणिक बदलतात. मुलीला आलेले स्थळ, जमिनीची खरेदी, परदेशातली नोकरी, शस्त्रक्रिया, देवळाचा जीर्णोद्धार असे काहीही विचारले जाते. मात्र देवाला ‘काय करू?’ असे मोघम विचारून भागत नाही. ‘हे स्थळ पुढे न्यावे का?’ इतका नेमका, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न करावा लागतो. घरातल्यांची निम्मी चर्चा प्रश्न असा बांधतानाच उरकते. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या प्रथेचा हा व्यावहारिक गुण मानावाच लागेल. पाकळी हललीच नाही, तर पुष्कळदा प्रश्न फिरवून मांडतात.

गार्सिया द ऑर्ता : १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो सगळा सवाल-जवाबांत आहे. रुआनो हे काल्पनिक पात्र विद्यापीठात शिकलेले. ते ग्रीक आचार्यांची मते घेऊन येते आणि ऑर्ता प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. पिंपळी आणि मिरी एकाच झाडाची, ही युरोपातली जुनी समजूत त्याने खोडून काढली. मिरीचे वेल मलबारात ज्याने पाहिले, त्याला ती टिकणारी वाटणे शक्यच नव्हते. स्पेनमध्ये असताना गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याविरुद्ध ब्र काढण्याची आपली छाती नव्हती, असेही तो सांगतो. मात्र गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. तिथे प्रश्नांची दिशाच उलटी : आरोप न सांगता, ‘तुला का पकडले असावे?’ असे आरोपीलाच विचारत. ज्यू वंशाच्या ऑर्ताचे १५६८ मध्ये निधन झाले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. पणजीतल्या चर्चसमोरच्या बागेला आज त्याचे नाव आहे.

कोसंबी पितापुत्र : सांकवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात बुद्धावरचा लेख वाचला. त्या ओढीने ते घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करीत श्रीलंकेपर्यंत गेले. पुत्र दामोदर (१९०७–१९६६) गणिती. प्राचीन नाणी वापरात झिजून किती हलकी झाली, यावरून ती किती काळ चलनात होती हे काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी केला आणि त्यासाठी हजारो नाणी तोलली. देवीचे ठाणे याच तिठ्यावर का, हेही त्यांनी पायी हिंडून शोधले.

जनमत कौल : १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना विचारले गेले, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहायचे? विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणाविरुद्ध जोराने लढलेले मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होते. तेव्हा हा सामना मराठी विरुद्ध कोकणी एवढाच होता, ही समजूत अपुरी ठरते. मतपत्रिकेवर घटक राज्याचा पर्याय नव्हता. जो पर्याय विचारलाच गेला नाही, तोच ३० मे १९८७ रोजी प्रत्यक्षात आला.

माहितीचा अधिकार : केंद्राचा कायदा २००५ चा, गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. ग्रामसभांत बांधकाम परवाने आणि जमीन-रूपांतरावरून अधिकाऱ्यांना धारेवर धरले जाते, तेव्हा हातात बहुधा याच अर्जांची उत्तरे असतात. केंद्रीय कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला सांगावे लागत नाही. या बाबतीत देवापेक्षा सरकारी कचेरी सोपी म्हणायची. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये निर्वाळा दिला, की ‘माहिती’च्या व्याख्येत ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर बसत नाही. नोंदीत जे आहे तेवढेच मागता येते. जाणते अर्जदार म्हणून ‘परवाना का दिला?’ असे लिहीत नाहीत. ते त्या फायलीवरच्या सर्व टिपणींच्या प्रती मागतात.