टू-स्ट्रोकचा झटका आणि पोटफुग्या सायलेन्सर

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडायचे आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवायचा, ही बातमी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून अधूनमधून येतेच. कानांच्या दृष्टीने चांगलीच बातमी. पण त्या पुंगळ्या बसवणाऱ्या पोरांना विचारा, आवाजाखेरीज आणखी एक कारण हमखास सांगतील: 'मोकळी पुंगळी लावली की पिकअप वाढतो.' फोर-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या चार हालचालींत एकदा पेट्रोल जाळणाऱ्या गाडीच्या बाबतीत यात चिमूटभर तथ्य असू शकतं. टू-स्ट्रोकच्या, म्हणजे दोनच हालचालींत काम उरकणाऱ्या गाडीच्या बाबतीत मात्र हे साफ उलटं आहे. यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक आरएक्स-१०० चा सायलेन्सर काढून तिथे सरळ नळी जोडा. आवाज कानठळ्या बसवेल आणि गाडी चढावर बसेल.

हे सांगायचं कारण म्हणजे जुन्या डर्ट बाइकची, म्हणजे मातीत पळवायच्या गाड्यांची सध्याची क्रेझ. १९६८ ची यामाहा डीटी-१, १९७३ ची होंडा एल्सिनोर अशा गाड्या अमेरिकेत लोक गोठ्यातून, गॅरेजमधून उकरून काढतात आणि नट-बोल्टसकट मूळ रूपात आणतात. आपल्याकडे खऱ्या डर्ट बाइक शोरूममध्ये मिळतच नव्हत्या. आरएक्स-१०० चं मडगार्ड उंच करायचं, खडबडीत गुट्ट्यांचे टायर चढवायचे आणि मातीत उतरायचं, ही आपली डर्ट बाइक. तिचे भावही आता असे चढलेत की ऐकून हसू येतं. आणि मालकांचं म्हणणं जगभर एकच: आताच्या गाड्यांत तो दम नाही.

आकडे वेगळंच सांगतात. १९७३ च्या २५० सीसी एल्सिनोरची ताकद तीसेक अश्वशक्ती होती. आजची ४५० सीसीची मोटोक्रॉस (मातीच्या, उड्यांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) गाडी पन्नासच्या वर देते, तेही वजन ११० किलोच्या आसपास ठेवून. आरएक्स-१०० ची ताकद तर ११ अश्वशक्ती. म्हणजे दम वाढलाय. मग लोकांना आठवतं ते नक्की काय? मूठ पिळल्यावर गाडी थोडा वेळ नुसती घुमते आणि मग एकदम लाथ मारल्यासारखी सुटते, तो झटका. तो झटका इंजिनातून कमी आणि सायलेन्सरच्या पोटातून जास्त येतो, आणि खरं सांगायचं तर तो इंजिनातला दोष आहे.

टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि पिस्टनच खालीवर होताना ती उघडतो-मिटतो. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतं, जळका वायू सुटतो. आणखी खाली आला की ट्रान्सफर पोर्ट उघडतात आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येतं. घोटाळा पिस्टन वर जाताना होतो. जे शेवटी उघडलं ते आधी मिटतं. ट्रान्सफर पोर्ट बंद झाले तरी एक्झॉस्ट अजून उघडंच असतं, आणि आत आलेलं ताजं मिश्रण त्यातून पळू लागतं. एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, एका फेरीतल्या साधारण १८० अंशांत उघडं असतं असं धरा. त्यातले शेवटचे ३० अंश हे गळतीचे. ७५०० आरपीएमला (मिनिटाला ७५०० फेऱ्यांना) ३० अंश म्हणजे सेकंदाचा दीडहजारावा भाग.

या एवढ्या वेळात बाहेर सांडलेलं मिश्रण परत आत कोंबायचं. कोण कोंबणार? ध्वनी.

एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची एक लाट नळीतून निघते. नळी हळूहळू रुंद होत गेली की लाटेचा काही भाग उलट्या चिन्हाने, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन माघारी येतो. ही ओढणारी लाट सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेते, ट्रान्सफर पोर्टमधून ताजं मिश्रण ओढते आणि त्यातलं थोडं नळीच्या तोंडातही आणून ठेवते. मूळ लाट तोवर पुढे गेलेली असते. नळीचं हे फुगलेलं पोट संपून ती पुन्हा अरुंद होते तिथे ती आपटते, आणि अरुंद टोकावरून परावर्तन होताना चिन्ह बदलत नाही. आता दाबाची लाट माघारी येते आणि नळीच्या तोंडाशी सांडलेलं मिश्रण मागे सिलिंडरमध्ये ढकलते. लगेच पिस्टन पोर्ट मिटतो. सुटत्या एसटीच्या पायरीवर लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर आत रेटतो, दार ओढतो आणि डबल बेल देतो, तसं.

आता थोडं गणित. कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. तापलेल्या एक्झॉस्टमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ५२० मीटर धरू. पोर्टपासून मागच्या अरुंद शंकूपर्यंतचं अंतर ९५ सेंटिमीटर असेल तर जाऊन-येऊन १.९ मीटर, म्हणजे ३.६५ मिलिसेकंद. हा वेळ इंजिनाच्या गतीवर अवलंबून नाही, लाटेला आरपीएमशी देणंघेणं नाही. ७५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ४५ अंश फिरतो. म्हणजे पोर्ट उघडल्यापासून १६४ अंशांवर लाट परत येते. आपल्याला हवी होती १५० ते १८० च्या मध्ये. बरोब्बर! ४००० आरपीएमला तीच लाट ८८ अंशांवर पोहोचते, तेव्हा ट्रान्सफर पोर्ट सताड उघडे असतात, आणि ती जळका वायूच परत आत ढकलते. इंजिन घुमतं, भकभकतं. ९००० ला लाट १९७ अंशांवर येते, तोवर पोर्ट मिटलेलं. हिशेब साधारण सात ते सव्वाआठ हजारांतच जुळतो. प्रत्यक्षातली लाट पसरट असते, म्हणून पट्टा जरा रुंद मिळतो इतकंच. शिवाय ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे नळी थंड असताना हा पट्टा खाली सरकतो. शर्यतीआधी स्वार गाड्या तापवत बसायचे, त्यातून हेही साधायचं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात असा एक सायलेन्सर उभा चिरलेला पाहिला होता. आत ओलसर काळी काजळी, पत्र्याचे दोन शंकू तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले, मागचा शंकू पुढच्यापेक्षा आखूड आणि जास्त उताराचा. फिरत्या भागाचं नावच नाही. कारागीर म्हणाला, "ह्यो शंकू बोटभर पुढं-मागं झाला की गाडीचा सभाव बदलतोय बघा." वरच्या गणितात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे करून पाहा, शंभरदोनशे आरपीएमचा फरक सहज पडतो.

हा हिशेब ज्यांनी चोख बसवला ते पूर्व जर्मनीचे वाल्टर काडेन. युद्धकाळात ते पेनेमुंडेच्या शस्त्रसंशोधन केंद्रात होते, नंतर एमझेड या मोटरसायकल कारखान्यात आले आणि ऑसिलोस्कोप या लाटांचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर एक्झॉस्टमधल्या लाटा पाहत बसले. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे इंजिनाच्या लिटरभर आकारमानामागे २००. हवा जोराने आत कोंबणारा सुपरचार्जर न लावता हा आकडा तोवर कुणाला जमला नव्हता. त्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीहून काडेन यांचा बिनीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर परत गेलाच नाही. सगळं तंत्र डोक्यात घेऊन तो सुझुकीला मिळाला. १९६२ चं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकीचं. जपानमधल्या सुझुका ट्रॅकवरच्या एका वळणाला आजही डेग्नरचं नाव आहे, काडेन यांचं कुठे दिसत नाही.

आता झटक्याकडे येऊ. वेग आपल्याला जाणवत नाही, विमानात बसून चहा पिता येतो. त्वरण जाणवतं, पण ते स्थिर राहिलं की शरीर त्याला सरावतं. खरा धसका बसतो तो त्वरण एकदम बदलल्याचा. भौतिकशास्त्रात त्याला जर्क म्हणतात. जुना टू-स्ट्रोक खाली मेलेला आणि सात हजारांवर जागा होणारा, म्हणून त्याचा जर्क दांडगा. नवीन ४५० तळापासून एकसारखी ओढते, घड्याळात कितीतरी पुढे असते, पण पोटात गोळा तेवढा येत नाही. अभियंत्यांनी हा खड्डा भरायला काय नाही केलं! यामाहाने तर आरपीएमनुसार एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणारी पडदी बसवली. ज्याला लोक 'दम' म्हणून कवटाळतात, तो घालवायला दोन पिढ्यांनी डोकं झिजवलंय.

पिकअपचा विषय निघाला की पेट्रोलच्या टाकीत डांबराच्या गोळ्या टाकणारे भेटतातच. बाबांनो, टाकू नका. पेट्रोल उडून गेल्यावर ते नॅप्थलीन कार्बोरेटरात खड्यांसारखं जमतं आणि जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तुंबतं. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणाऱ्यांना वेगळं काही सांगायचं नाही, हँडलच्या लिंबू-मिरचीइतकाच त्याचा उपयोग.

मातीत पळायच्या बाबतीत तर तुलनाच नको. १९७० च्या सुमारास मागच्या चाकाची खालीवर हालचाल १०० मिलिमीटरच्या आसपास असायची, आज ३०० आहे. मधली उडी लूसियां टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याच्या एकाच शॉकअपच्या रचनेने घडवली. यामाहाने ती घेतली आणि १९७३ चं २५० सीसीचं मोटोक्रॉस जागतिक विजेतेपद जिंकलं. त्याआधीच्या गाडीवरून उडी मारून खाली आलं की कंबर आपल्या जागी आहे का ते चाचपावं लागे. वास मात्र जुन्या गाड्यांचाच. शर्यतीच्या पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळत आणि त्या धुराचा गोडसर वास डोक्यात कायमचा बसतो.

तो धूरच टू-स्ट्रोकला भोवला. कितीही शंकू जोडा, कार्बोरेटरच्या छोट्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते एक तृतीयांश पेट्रोल न जळताच बाहेर जाऊ शकतं, कारण लाट एका पट्ट्यातच मदतीला येते आणि बाकी वेळ गळती चालू. १९९६ आणि २००० च्या भारतीय प्रदूषण मर्यादांपुढे हे टिकणं अवघड होतं. ज्या केटीएमच्या ड्यूक चाकणला बनतात, तिने ऑस्ट्रियात यावर तोडगा काढला: पेट्रोल हवेबरोबर न पाठवता थेट ट्रान्सफर पोर्टमध्ये फवारायचं. २०१८ च्या मॉडेलपासून तशा डर्ट बाइक विक्रीला आल्या.

बार्सिलोनाच्या स्टार्क फ्यूचर कंपनीची वार्ग ही मोटोक्रॉस गाडी तर विजेवरची. तिला ना पिस्टन ना सायलेन्सर, आणि कमाल ताकद ८० अश्वशक्ती. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. म्हणून कंपनीने फोनमध्ये अशी सोय दिलीय की जोराचा आलेख आपल्याला हवा तसा वाकवता येतो, हवं तर १२५ सीसी टू-स्ट्रोकसारखा: खाली जोर कापायचा आणि वर एकदम सोडायचा.