फरशीखालची काळी माती

पुण्याजवळ मांजरी गावात मामांनी बंगला बांधला तेव्हा जोत्यात भरायला मुरूम आणायचा खर्च वाचवला. पायासाठी खणलेली काळी माती समोरच पडली होती. तीच आत ढकलली आणि धुम्मसाने ठोकून ठोकून बसवली. एप्रिलचं ऊन, माती कोरडी ठणठणीत. वर कोबा, त्यावर फरशी. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलची फरशी मधोमध उचलली. बोटाने वाजवली की पोकळ आवाज, आणि भाच्याची गोटी मधे ठेवली की आपसूक भिंतीकडे घरंगळायची. "एवढी ठोकली होती, तरी?" मामा म्हणाले. त्यातल्या 'तरी'च्या जागी 'म्हणूनच' हवं होतं.

काळ्या मातीतलं फुगणारं खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. नाव फ्रान्समधल्या एका गावाचं, पण आपल्याकडे ते दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेलं. त्याचा कण बेकरीतल्या खारीसारखा असतो, पापुद्र्यावर पापुद्रा. एक पापुद्रा साधारण 1 नॅनोमीटर जाड. एक ग्रॅम शुद्ध खनिजाचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर 700 ते 800 चौरस मीटर जागा व्यापतील. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर दहा-बारा टूबीएचके, चिमूटभर मातीत.

या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि फटींत सोडियम, कॅल्शियमचे धनभारित आयन बसलेले असतात. पाणी आलं की त्याचे रेणू या आयनांभोवती गोळा होतात आणि पापुद्रे दूर सारतात. तेही टप्प्याटप्प्याने. कोरडेपणी एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर 1 नॅनोमीटरच्या आसपास असतं. फटीत पाण्याचा एक थर शिरला की ते सुमारे 1.25 होतं, दुसऱ्या थराला 1.5, तिसऱ्याला 1.9. म्हणजे जवळपास दुप्पट. फटीत कॅल्शियम असेल तर फुगणं साधारण इथेच थांबतं. सोडियम असेल तर पापुद्रे आणखी लांब सरकत जातात.

आता धुम्मस. ठोकल्याने मातीतली हवा निघून जाते, पापुद्र्यांची तहान जात नाही. भुसभुशीत मातीत ढेकळांमधे मोकळी जागा असते. कण फुगले तरी आधी ती जागा भरते, वरचा पृष्ठभाग त्या मानाने कमी उचलला जातो. ठोकलेल्या मातीत तेवढ्याच जागेत जास्त कण कोंबलेले असतात आणि आत सरकायला वावच नसतो. मग सगळा जोर बाहेर. काळ्या मातीचा हा दाब चौरस मीटरला 10 टनांपर्यंत सहज जातो. त्यावर मामांचा कोबा आणि फरशी मिळून वजन चौरस मीटरला जेमतेम 300 किलो! भिंती मात्र वाचल्या, कारण त्यांचा पाया खाली मुरमापर्यंत गेलेला.

कोरडी ठोकणं ही दुसरी चूक. शेतकरी वाफसा बघतो तसा स्थापत्य अभियंताही बघतो. कोणत्या ओलाव्याला माती सर्वांत घट्ट बसते, हे शोधायची पद्धत अमेरिकेतल्या प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये मांडली. फुगणारी माती त्या ओलाव्याहून थोडी जास्त ओली असतानाच दाबावी, कारण मग तिची बरीचशी तहान आधीच भागलेली असते.

माती फुगणारी आहे का, हे ओळखायची भारतीय मानकातली चाचणी मला फार आवडते. भट्टीत वाळवून बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम घ्यायची. एक भाग पाण्याच्या नळकांड्यात, दुसरा रॉकेलच्या. (हल्ली रॉकेल मिळवणं हाच प्रयोगातला अवघड भाग.) चोवीस तासांनी बघायचं. रॉकेलच्या रेणूंना त्या आयनांचं आकर्षण नाही, त्यामुळे तिथली माती मुकाट तळाशी बसते. पाण्यातली वर चढलेली, मऊ, लोण्यासारखी. रॉकेलमधली 12 मिलिलिटर आणि पाण्यातली 21 भरली, तर फुगवटा 75 टक्के.

गंमत म्हणजे हाच दुर्गुण फिनलंडला हवा आहे. तिथे ऑन्कालो या ठिकाणी अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन 400 मीटरहून खोल खडकात, तांब्याच्या डब्यांत पुरायची योजना आहे. त्या डब्यांभोवती मुद्दाम घट्ट दाबलेली बेंटोनाइट माती बसवतात. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइटच. खडकातलं पाणी झिरपलं की ती फुगते आणि फटी स्वतःच बुजवते.

मामांना फटी बुजवायच्या नव्हत्या. मातीत चुना मिसळला असता तर त्यातल्या कॅल्शियमने फुगणं आटोक्यात ठेवलं असतं, पण ते फरशी बसवण्याआधी. आता हॉल उखडून दोन-अडीच फूट माती काढायची आणि मुरूम भरायचा, असं ठरलंय. त्याआधी मामांनी एक केलं. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप थेट जोत्याशी सुटत होता, तो दहा फूट लांब नेला.