इनरट्यूब वॉटरपोलो: अमेरिकी विद्यापीठात नाव नोंदवताना कुठे अडतं

हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसून तरंगत गोलमध्ये बॉल टाकायचा, त्याला पात्रता कसली, असं वाटून बरेच जण नोंदणीकडे दुर्लक्ष करतात. खेळ खरोखरच सगळ्यांसाठी आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर गॅरी कोलबर्ग यांनी तो बसवला, तोच मुळी वॉटरपोलोचा अनुभव नसलेल्यांसाठी. पण नाव नोंदवायचं असतं इंट्राम्युरल (विद्यापीठांतर्गत स्पर्धांच्या) कार्यालयात, आणि तिथले नियम इतके मोकळेढाकळे नसतात. कॅम्पसगणिक ते थोडे बदलतात, त्यामुळे आपल्या कार्यालयाची नियमावली वाचाच. मात्र आपली मुलं अडकतात त्या जागा जवळजवळ सगळीकडे त्याच.

पहिली जागा नोंदणीच्या शेवटच्या तारखेची. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ०९/१० म्हणजे १० सप्टेंबर, ९ ऑक्टोबर नव्हे. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घाईत डोळे सवयीनेच वाचतात. त्यातून वेळ रात्री १२:०० एएम दिली असेल तर मुदत १० तारीख उजाडताक्षणीच संपते. म्हणजे काम ९ तारखेच्या रात्रीच उरकायला हवं. मुदत टळली की फार तर प्रतीक्षायादी.

दुसरी, ‘मी अजून विद्यार्थीच आहे’ हा समज. चालू सत्रात प्रवेश आणि रिक्रिएशन (खेळ-व्यायामाच्या सोयींची) फी भरलेली, या दोन्ही गोष्टी लागतात. पदवी घेऊन ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच पदवीनंतर काही काळ काम करण्याच्या परवानगीवर) नोकरी करणाऱ्याची व्हिसाची नोंद विद्यापीठाकडे चालू असते, म्हणून तो हक्काने नाव देतो आणि बाद होतो. फक्त ऑनलाइन विषय घेतलेल्यांनी फीच्या बिलात रिक्रिएशनची ओळ आहे का ते आधी पाहावं. जोडीदाराला बहुधा वेगळं सदस्यत्व घ्यावं लागतं. सुट्टीत भेटायला आलेल्या भावाला गॅलरीत बसवा. दुसऱ्याच्या कार्डावर कुणाला उतरवलंत तर दोघांवरही बंदी येते आणि सामना हातचा जातो.

विद्यापीठाच्या मुख्य वॉटरपोलो संघातले खेळाडू सहसा चालत नाहीत. विद्यार्थ्यांच्या वॉटरपोलो क्लबचे एका संघात एक-दोनच चालतात.

नोंदणी ऑनलाइन, अनेक ठिकाणी आयएमलीग्ज या संकेतस्थळावर. कर्णधार संघ तयार करतो, नियमांची छोटी चाचणी देतो, अनामत भरतो. (सामन्याला फिरकला नाहीत तर ही अनामत जाते.) इथवर सोपं. पुढे प्रत्येकाला आमंत्रणाचा ईमेल जातो आणि तो ज्याने त्याने स्वीकारायचा असतो, इजा झाल्यास जबाबदारी आपली, असं संमतिपत्रही ज्याचं त्यानेच भरायचं. हे ईमेल विद्यापीठाच्या खात्यात पडून राहतात, कारण आपण बघतो व्हॉट्सअ‍ॅप. कर्णधाराने ‘घातलंय तुझं नाव’ म्हटलं म्हणजे नाव लागलं असं नाही. को-रेक, म्हणजे मुलामुलींचा मिश्र संघ असेल तर प्रोफाइलमधली लिंगाची नोंदही तपासा, मुलामुलींचं प्रमाण त्यावरूनच मोजतात. पासपोर्टवर आडनाव नसल्यामुळे कार्डावर ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’) छापलं गेलं असेल, तर पोर्टलवरचं नाव कार्डाशी जुळवून घ्या.

तलावावर विद्यार्थी ओळखपत्र हवं. त्याचा मोबाइलमधला फोटो चालत नाही. विद्यापीठाचं अधिकृत मोबाइल कार्ड काही ठिकाणी चालतं. संघ बहुधा सात जणांचा, त्यामुळे दोघं कार्ड विसरले तरी खेळ कोलमडतो. दागिने काढावे लागतात: कडं, चमकी, मंगळसूत्र, सगळं. ऐन वेळी काठावर पंचांशी वाद घालण्यापेक्षा ते घरीच ठेवून या. सुती चड्डी नको, पोहण्याचेच कपडे घाला. ट्यूब आणि टोप्या कार्यालय देतं.

खेळताना बूड ट्यूबमध्येच हवं. ट्यूबबाहेर पडलात तर बॉल सोडायचा आणि परत नीट बसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बॉल हातात असलेल्याला उलटवणं बऱ्याच नियमावल्यांत चालतं, आणि तलाव अनेकदा खोल असतो. पोहता न येणाऱ्याने केवळ ट्यूबच्या भरवशावर नाव देऊ नये. बुडी मारून वर येणं, कडेपर्यंत पोहणं आणि ट्यूबमध्ये पुन्हा चढणं एवढं तरी पहिल्या सामन्याआधी करून पाहा. ओल्या, गुळगुळीत ट्यूबवर चढणं बघताना वाटतं त्याहून कितीतरी अवघड असतं.